अमीबो वापरून आठ महिने: बाहुलीच्या पोटात काय साठतं

आमच्याकडे आता अकरा अमीबो आहेत. आठ महिन्यांपूर्वी एकही नव्हता. आम्ही न्यू जर्सीत राहतो, लेक दहा वर्षांची आहे आणि निंटेंडोचं स्विच हे गेम खेळायचं यंत्र घरात आधीपासून होतंच. बाहुली विकत घेऊन गेममध्ये काहीतरी मिळवायचं, ही कल्पना मला सुरुवातीला अजिबात पटली नव्हती. गेमचे पैसे एकदा मोजले असताना वर आणखी बाहुलीचे कशाला? आज माझं मत तेवढं सरसकट राहिलेलं नाही. काही अमीबो मी पुन्हा घेईन, काही नाही. आणि दोन्हींत फरक कुठे पडतो, ते मला आता नीट सांगता येईल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमीबो म्हणजे निंटेंडोच्या पात्रांच्या वीतभरापेक्षाही लहान मूर्ती. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये त्या बाजारात आल्या, तेव्हा अमेरिकेत एकीची किंमत १२.९९ डॉलर होती. खालच्या गोल बैठकीत एनएफसीची, म्हणजे अगदी जवळून बिनतारी वाचता येणारी, चिप असते. बॅटरी नाही, चार्जिंग नाही. वाचणाऱ्या यंत्राच्या लहरींवरच ती चालते. स्विचच्या उजव्या जॉयकॉनच्या (हातातल्या छोट्या कंट्रोलरच्या) स्टिकवर बैठक टेकवायची की झालं. प्रो कंट्रोलर असेल तर मधल्या लोगोवर. चिपची एकूण जागा ५४० बाइट, त्यातली लिहिण्याजोगी ५०४. देवनागरीतलं एक चिन्ह साठवायला ३ बाइट लागतात, म्हणजे मराठीत लिहायचं तर जेमतेम १६८ चिन्हं, दोन-तीन वाक्यं. एवढ्याशा जागेवर हा सगळा खेळ उभा आहे.

मूळ कल्पना निंटेंडोची नव्हे. २०११ साली स्कायलँडर्स हा गेम आला, त्यात खेळणं एका उजळणाऱ्या पाटावर ठेवलं की ते पात्र पडद्यावर अवतरायचं, आणि त्याची कमाई खेळण्यातच जपली जायची. त्याच धर्तीचं डिस्नी इन्फिनिटी २०१३ मध्ये आलं आणि २०१६ मध्ये गुंडाळलं गेलं. लेगो डायमेन्शन्सही फार टिकलं नाही. अमीबो मात्र टिकले, कारण त्यांचा एकाच गेमशी संसार नाही. दहा वर्षांपूर्वीची मूर्ती आजही नव्या गेममध्ये चालते. जुन्या बाजारातून घ्यायला मी धजावले ती याच भरवशावर.

आता वापराबद्दल. झेल्डाच्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये सेटिंग्जमध्ये जाऊन अमीबो आधी चालू करावे लागतात. हे आम्हाला माहीत नव्हतं आणि पहिल्या संध्याकाळी बाहुली खराब निघाली असंच आम्ही धरून चाललो होतो. चालू केल्यावर लिंकची, म्हणजे या गेमच्या नायकाची, मूर्ती टेकवली, आणि समोरच्या गवतावर आभाळातून एक पेटी आणि मासे धप्पकन पडले. लेक अक्षरशः उडाली. स्मॅश (निंटेंडोच्या पात्रांच्या लढतींचा गेम) मालिकेतल्या लिंकच्या मूर्तीमुळे एपोना ही घोडीही मिळते. ती आली की तडक तबेल्यात नेऊन नोंदवा, रस्त्यात सोडून देऊ नका. पण प्रत्येक मूर्ती दिवसातून एकदाच चालते. पहिले तीन आठवडे लेक शाळेतून आली की आधी सगळ्या बाहुल्या रांगेत टेकवायची. मग तो उत्साह ओसरला. रोज मासे आणि बाण मिळण्यात किती दिवस मजा राहणार?

नुसती किल्ली म्हणून विकलेले अमीबो मला मुळीच आवडले नाहीत. झेल्डाच्याच ‘स्कायवर्ड स्वॉर्ड’ची एचडी आवृत्ती २०२१ च्या जुलैत आली, तेव्हा झेल्डा आणि लॉफ्टविंग पक्ष्याची मूर्ती सोबत निघाली. ती असेल तर जमिनीवर कुठूनही थेट आकाशात जाता येतं. नसेल तर ठरावीक पुतळ्यापर्यंत चालत जा. ही सोय मुळात गेममध्येच असायला हवी होती. मूर्ती फार देखणी आहे, शेल्फवर ठेवायला घेत असाल तर जरूर घ्या. सोयीसाठी मात्र घेऊ नका. ‘मेट्रॉइड ड्रेड’ची नायिका सॅमस एक जादा एनर्जी टँक देते, अडलेल्याला उपयोगी, बाकी फारसं काही नाही.

‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग’ या बेट वसवायच्या गेमसाठी मूर्तींपेक्षा अमीबोची कार्डं बरी, त्यांतही तशीच चिप असते. आवडता शेजारी कार्डावरून तीन वेळा कॅम्पवर बोलवायचा, तो मागेल ती वस्तू करून द्यायची, की तो बेटावर राहायला येतो.

आता खरी गोष्ट. ‘स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट’मध्ये मूर्ती तुमच्याशी लढत लढत शिकते. लेव्हल १ पासून ५० पर्यंत चढते. सामना संपला की तिला पुन्हा स्टिकवर टेकवायचं, म्हणजे शिकलेलं तिच्यात लिहिलं जातं. लेकीने ‘स्प्लॅटून’ या रंग उडवायच्या गेममधल्या इंकलिंग मुलीची मूर्ती घेतली आणि जवळजवळ दोन महिने तिला वाढवलं. लेकीची सवय म्हणजे आधी मागे सरकायचं आणि मग रोलर फिरवत अंगावर जायचं. हळूहळू बाहुलीही नेमकी तशीच वागू लागली. मी तिच्याशी लढायला बसले की वाटायचं, समोर माझी पोरच आहे, फक्त जरा जास्त चपळ. मैत्रिणीकडे जाताना लेक मूर्ती रुमालात गुंडाळून न्यायची. तिथे त्यांच्या स्विचवर हीच बाहुली, हीच लेव्हल.

मग दिवाळीला तिचा मावसभाऊ राहायला आला. त्याने ‘स्प्लॅटून ३’मध्ये इंकलिंगचे खास कपडे मिळवायला तीच मूर्ती टेकवली. एका मूर्तीत एका वेळी एकाच गेमची नोंद मावते. पडद्यावर तशी सूचना आली, दुसऱ्या गेमचा डेटा पुसायचा का, असं विचारलंही. सात वर्षांच्या पोराने ‘हो’ दाबलं. दोन महिन्यांची मेहनत तिथेच गेली. लेक रडली नाही, नुसती मूर्ती हातात घेऊन बसून राहिली. तिला जवळ घेण्यापलीकडे मला काही सुचलं नाही. म्हणून कळकळीने सांगते: स्मॅशसाठी वाढवलेली मूर्ती वेगळी ठेवा, बैठकीखाली टेप लावून त्यावर लिहा, आणि घरी आलेल्या मुलांना आधीच सांगा.

जुन्या वस्तू घेताना बैठक आणि तलवारी नीट बघा. एका ऑनलाइन विक्रेत्याने ‘नवीन’ म्हणून पाठवलेल्या लिंकची तलवार वाकलेली होती आणि खोका पुन्हा चिकटवलेला. पैसे परत मिळवायला पाच आठवडे गेले.

आणि एका यार्ड सेलमध्ये आम्हाला लांडगा मिळाला. लिंक लांडग्याच्या रूपात, पाठीवर त्याची सोबतीण मिडना. झेल्डाच्याच ‘ट्वायलाइट प्रिन्सेस एचडी’बरोबर २०१६ मध्ये निघालेली ही मूर्ती, कान थोडे घासलेले. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये टेकवली की लांडगा सोबतीला येतो, हरणं मारतो, शत्रूवर धावून जातो. नव्या मूर्तीतल्या लांडग्याला तीन हृदयं, म्हणजे तेवढाच दम, असतो आणि या गेममध्ये ती वाढवता येत नाहीत. आमच्या लांडग्याच्या डोक्यावर सतरा होती.

मी शोधलं तेव्हा कळलं. ही हृदयं ‘ट्वायलाइट प्रिन्सेस एचडी’तून येतात. वी यू या निंटेंडोच्या जुन्या यंत्रावर तिथली सावल्यांची गुहा लांडग्याच्या रूपात लढत पार करायची, आणि शेवटी जितकी हृदयं शिल्लक असतील तितकी मूर्तीत लिहिली जातात; जास्तीत जास्त वीस. म्हणजे आमच्याआधी कुणीतरी ती गुहा लढून पार केली होती, आणि त्याची सतरा हृदयं या बैठकीत तशीच राहिली होती.

सेटिंग्जमध्ये त्या मालकाने ठेवलेलं लांडग्याचं नावही दिसतं. रीसेट करून मूर्ती आपल्या नावावर करता येते, पण मग आधीचं सगळं जातं. मी लेकीला विचारलं, काय करायचं? ती म्हणाली, “आई, हात नको लावूस. त्याचंच नाव राहू दे.” लांडगा आता टीव्हीशेजारी वरच्या फळीवर असतो, आणि लेक त्याला त्या जुन्याच नावाने हाक मारते.