हप्ता थकण्याआधी: तारीखबदल, स्थगिती, मुदतवाढ की एकत्रीकरण?

हप्ते थकण्याची चाहूल घरातल्या माणसांना बहुधा आधीच लागलेली असते. एका क्रेडिट कार्डाची किमान रक्कम भरण्यासाठी दुसऱ्या कार्डावर उचल घेतली जाऊ लागली, की पुढचे दिवस कठीण आहेत हे कळते. पण बहुतेक कुटुंबे संकोचापोटी पहिला हप्ता चुकेपर्यंत कर्जदात्याशी बोलत नाहीत. खाते नियमित असताना केलेल्या विनंतीचा विचार सहसा अधिक मोकळेपणाने होतो, म्हणून हा संकोच फार महाग पडतो. समोरच्या चार मार्गांपैकी कोणता निवडावा, हे मुख्यतः घरातली तूट किती काळ टिकणार यावर ठरते.

तूट मुळात नसून केवळ तारखांचा मेळ बसत नसेल, तर हप्त्याची तारीख बदलून घेणे पुरेसे असते. पगार ७ तारखेला आणि हप्त्याची वजावट ३ तारखेला असेल, तर पुरेशी मिळकत असूनही हप्ता परत जातो, बँक आणि कर्जदाता दोघेही शुल्क लावू शकतात आणि त्या शुल्कामुळे पुढच्या महिन्याचीही तोंडमिळवणी बिघडते. चारही मार्गांत हा सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत कमी विचारला जातो, याचे वाईट वाटते.

आजारपण किंवा नोकरीतला खंड यांसारखी अडचण काही महिन्यांत सरणार असेल, तर हप्तास्थगिती (काही महिने हप्ते थांबवणे) आणि मुदतवाढ (फेडीचा काळ वाढवून हप्ता कमी करणे) यांची तुलना आकड्यांतच करावी. दरमहा १ टक्का व्याजाने १ लाखाचे कर्ज २४ महिन्यांत फेडायचे असेल, तर हप्ता सुमारे ४,७०७ येतो आणि एकूण व्याज सुमारे १२,९७६ होते. सुरुवातीलाच ३ महिन्यांची स्थगिती घेऊन त्या काळातले व्याज मुद्दलात मिळवले, तर नंतरचे २४ हप्ते सुमारे ४,८५० चे होतात आणि व्याज १६,४०० च्या आसपास जाते. मुदत ३६ महिन्यांची केली तर हप्ता ३,३२१ पर्यंत उतरतो, मात्र व्याज १९,५७१ होते, म्हणजे मूळ व्याजाच्या सुमारे दीडपट. स्थगिती एकंदरीत स्वस्त आहे, पण ती संपताच पहिल्यापेक्षा थोडा मोठा हप्ता उभा राहतो. मिळकत कायमचीच घटली असेल तर तेव्हा पुन्हा तीच ओढाताण होईल. अशा घराने जास्तीचे व्याज मान्य करून मुदतवाढच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

अनेक महागडी कर्जे असतील तर एकत्रीकरणाचा, म्हणजे कमी व्याजाचे एकच नवे कर्ज घेऊन ती सगळी फेडून टाकण्याचा, विचार करावा. कार्डावर दरमहा ३ टक्के व्याज असेल, तर १ लाखाच्या थकबाकीवर महिन्याला ३,००० नुसते व्याजातच जातात आणि मुद्दल जागचे हलत नाही. आधीच्या उदाहरणातल्या दरमहा १ टक्का दराने घेतलेल्या ३६ महिन्यांच्या कर्जात दरमहा ३,३२१ भरून ते पूर्ण फिटते. प्रक्रिया शुल्क धरूनही हा फरक मोठा आहे. तरीही दोन धोके आहेत. रिकामे झालेले कार्ड पुन्हा वापरले गेले, तर नवे आणि जुने अशी दोन्ही ओझी डोईजड होतात. दुसरा धोका अधिक गंभीर आहे: कमी व्याजाच्या मोहाने विनातारण कर्ज फेडायला घराच्या तारणावर नवे कर्ज घेतले, तर पूर्वी केवळ थकबाकी ठरली असती ती रक्कम आता राहते घर घालवू शकते. तारणाचा सल्ला कोणी घाईने देत असेल, तर त्याला त्यातून काय मिळते हे आधी विचारावे.

कोणताही मार्ग निवडला तरी नवा हप्ता, एकूण व्याज, शुल्क आणि पतइतिहासात या बदलाची नोंद कशी होईल, हे लेखी मागावे. ते हाती येईपर्यंत शक्य असल्यास जुन्या हप्त्याची रक्कम खात्यात ठेवावी, कारण फोनवरच्या होकाराने स्वयंचलित वजावट थांबत नाही.