ड्राफ्टचा क्रम ठरवताना: एनएफएलची उलटी रांग, एनबीएची सोडत आणि आपली लीग

मित्रमंडळींच्या फँटसी फुटबॉल लीगची (अमेरिकन फुटबॉलचे खरे खेळाडू निवडून कागदी संघ करायचे आणि त्यांच्या प्रत्यक्ष कामगिरीवर गुण मोजायचे, असा हा खेळ) व्यवस्था ज्याच्या गळ्यात पडते, त्याला दर हंगामापूर्वी एका प्रश्नाचा निकाल लावावा लागतो: खेळाडू निवडण्याचा पहिला मान कोणाला द्यायचा? दरवर्षी सगळे खेळाडू मोकळे करून नव्याने सुरुवात होणाऱ्या लीगमध्ये कोणीच दुबळा नसतो. तिथे चिठ्ठ्या टाकाव्यात आणि एक फेरी सरळ, दुसरी उलट असा क्रम ठेवावा, म्हणजे १२ जणांच्या लीगमध्ये शेवटच्या माणसाला १२ वी आणि १३ वी निवड लागोपाठ मिळते. खरा पेच पडतो तो संघ वर्षानुवर्षे कायम राखणाऱ्या, म्हणजे डायनेस्टी लीगमध्ये. अशा वेळी ‘एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) करते तेच आपण करू’ असे म्हणून अनेक जण मोकळे होतात. माझ्या मते ही नक्कल फसण्याचीच शक्यता जास्त आहे.

एनएफएलच्या ड्राफ्टची, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याची, पद्धत वरवर पाहता सरळ आहे. जो संघ सर्वांत जास्त हरला, तो सर्वांत आधी निवडतो. फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांनी ही कल्पना मांडली आणि १९३६ मध्ये पहिला ड्राफ्ट झाला. आज ३२ संघांपैकी प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, न पोहोचलेले १८ संघ हंगामातील कामगिरीच्या उलट क्रमाने पहिल्या १८ जागा घेतात. त्यापुढचा क्रम मात्र प्लेऑफमध्ये कोण कधी बाहेर पडले यावर ठरतो. पहिल्या फेरीत हरलेले सहा संघ १९ ते २४, पुढच्या फेरीतले चार २५ ते २८, कॉन्फरन्सच्या (लीगच्या दोन मोठ्या गटांच्या) अंतिम सामन्यांत हरलेले दोन २९ आणि ३०, सुपर बोल हा अंतिम सामना हरणारा ३१ आणि जिंकणारा ३२ वा. प्रत्येक गटाच्या आत पुन्हा कमी विजयांचा संघ आधी येतो. या रचनेतून कधीकधी गंमतही घडते. २०२२ च्या हंगामात टँपा बे बुकॅनियर्स ८ विजय आणि ९ पराभव अशा कामगिरीवर आपला विभाग जिंकून प्लेऑफमध्ये गेले आणि लगेच हरले. त्यांच्या वाट्याला १९ वी जागा आली, तर ९ सामने जिंकूनही प्लेऑफ हुकलेल्या पिट्सबर्ग आणि डेट्रॉइट यांच्या जागा त्यांच्या आधीच्या होत्या.

हंगाम अवघ्या १७ सामन्यांचा असल्यामुळे बरोबरी ही नेहमीचीच गोष्ट आहे, आणि ती सोडवण्याचा निकष नवख्याला उलटा वाटू शकतो. दोन संघांची कामगिरी समान असेल तर त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांची एकत्रित विजयाची टक्केवारी काढली जाते आणि ज्याचे प्रतिस्पर्धी कमकुवत होते त्याला आधी निवड मिळते, कारण सोप्या वेळापत्रकातही जो तेवढेच सामने जिंकू शकला, तो संघ अधिक दुबळा मानला जातो. तिथेही निकाल लागला नाही तर आणखी काही निकष आहेत आणि सर्वांत शेवटी नाणेफेक. २०१८ मध्ये ६ विजय आणि १० पराभवांवर अडलेल्या सॅन फ्रान्सिस्को आणि ओकलँड यांच्यात नवव्या निवडीसाठी खरोखरच नाणे उडवले गेले आणि सॅन फ्रान्सिस्कोने ती जिंकली. पुढच्या फेऱ्यांत असे बरोबरीतले संघ आपापसांत जागा बदलत राहतात, ही तरतूद मला फार न्याय्य वाटते आणि कोणत्याही लीगने ती उचलावी.

निवडींची देवाणघेवाण, मोठे खेळाडू गमावलेल्या संघांना तिसऱ्या ते सातव्या फेरीच्या शेवटी मिळणाऱ्या भरपाईच्या निवडी आणि शिक्षा म्हणून जप्त होणाऱ्या निवडी यांमुळे प्रत्यक्षातला क्रम बराच बदलतो, परंतु मूळ तत्त्व तेच राहते.

त्या तत्त्वावरचा जुना आक्षेप असा की, हरण्याला बक्षीस मिळत असेल तर संघ मुद्दाम हरतील. यासाठी ८ जानेवारी २०२३ चा ह्यूस्टन आणि इंडियानापोलिस यांच्यातला सामना पाहावा. ह्यूस्टन टेक्सन्स हरले असते तर पहिली निवड त्यांचीच होती. शेवटच्या मिनिटात, चौथ्या डाउनवर, म्हणजे शेवटच्या प्रयत्नात, २० यार्ड हवे असताना त्यांनी टचडाउन केला (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकापर्यंत नेला), वर दोन जादा गुणांचा प्रयत्नही यशस्वी केला आणि सामना ३२-३१ असा जिंकला. पहिली निवड शिकागो बेअर्सकडे गेली आणि त्यांनी ती पुढे सौद्यात कॅरोलायनाला दिली. ह्यूस्टनने आपले प्रशिक्षक लव्ही स्मिथ यांना त्याच रात्री कामावरून काढले. येथे लक्षात घेण्याची गोष्ट ही की मैदानावरच्या कोणालाही पहिल्या निवडीचा लाभ होणार नव्हता. प्रशिक्षकाची नोकरी आणि खेळाडूचा पुढचा करार जिंकण्यावरच अवलंबून असतो. उलटी रांग एनएफएलमध्ये टिकते ती हरणारे आणि निवडीचा लाभ घेणारे यांच्यातल्या या फारकतीमुळे. (ह्यूस्टनने दुसऱ्या क्रमांकावर सी. जे. स्ट्राउड घेतला, सौदा करून तिसऱ्यावर विल अँडरसन घेतला, आणि पुढच्या हंगामात आक्रमण आणि बचाव या दोन्हींतले सर्वोत्तम नवोदित हे दोघेच ठरले.)

बास्केटबॉलमध्ये पाच जण मैदानात असतात आणि एकच खेळाडू संघाचे नशीब पालटू शकतो, त्यामुळे हरण्याचा मोह मोठा. म्हणून एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगने १९८५ मध्ये सोडत आणली. १४ क्रमांकित चेंडूंतून चार काढून निवडीचा मान ठरवला जातो. २०१९ च्या बदलाने सर्वांत वाईट तीन संघांना पहिल्या निवडीची प्रत्येकी १४ टक्के संधी दिली, पहिल्या चार जागा सोडतीवर सोपवल्या आणि तळाचा संघ फार तर पाचव्या जागेपर्यंत घसरेल असे ठरवले. मोह कमी होतो खरा, पण किंमत दुबळाच मोजतो. डेट्रॉइट पिस्टन्स २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षे तळाला राहूनही पाचव्या जागेवर गेले, तर २०२५ मध्ये अवघी १.८ टक्के संधी असलेल्या डॅलसला पहिली निवड मिळाली. एनएफएलनेही १९४७ ते १९५८ या काळात पहिली निवड चिठ्ठीने देऊन पाहिली होती, आणि नंतर तो नाद सोडला.

तिसरा मार्ग महिलांच्या आइस हॉकी लीगचा, पीडब्ल्यूएचएलचा आहे. प्लेऑफची आशा संपल्यानंतर संघ जे गुण मिळवतो, त्यांवर ड्राफ्टचा क्रम ठरतो. लवकर बाद झालेल्या दुबळ्या संघाला गुण मिळवायला जास्त सामने मिळतात, पण ते जिंकावेच लागतात.

आता आपल्या लीगकडे वळू. फँटसी लीगमध्ये मालक, प्रशिक्षक आणि व्यवस्थापक एकच माणूस असतो. पहिली निवड हवी असेल तर त्याने शेवटचे तीन आठवडे चांगले खेळाडू बाकावर बसवले की झाले. त्याची नोकरी जात नाही आणि ह्यूस्टनच्या खेळाडूंसारखे त्याला आडवे येणारेही कोणी नसते. त्यामुळे निव्वळ उलटी रांग मी सुचवणार नाही. सोडत मजेची असते, पण १० किंवा १२ जणांत एखादा खरोखरचा दुबळा संघ दोनदा घसरला की त्याचा मालक लीगच सोडून जातो आणि रिकामा संघ घ्यायला कोणी मिळत नाही. पीडब्ल्यूएचएलची पद्धत तत्त्वतः उत्तम, मात्र फँटसीत बाद झाल्यानंतर दोन-तीनच आठवडे उरत असल्याने नशिबाचा वाटा फार वाढतो.

यापेक्षा उलटी रांगच ठेवावी, पण ती जय-पराजयावर लावू नये. प्रत्येक आठवड्यात त्या संघाकडच्या खेळाडूंतून सर्वोत्तम संघ उतरवला असता तर किती गुण झाले असते, त्याची हंगामभराची बेरीज काढावी आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी, त्याला पहिली निवड द्यावी. चांगला खेळाडू बाकावर बसवल्याने ही बेरीज घटत नाही. कोणी चांगले खेळाडू विकूनच टाकले तर ती घटते, पण तो उघड सौदा असतो आणि त्यावर हरकत घेता येते. नियम हंगाम सुरू होण्यापूर्वी लेखी जाहीर करावा आणि प्लेऑफमधल्यांसाठी एनएफएलचाच बाद होण्याचा क्रम जसाच्या तसा ठेवावा.