पिकअपचं स्टिकर: दहा हजार पौंडांच्या आतलं घ्यावं की वरचं?

अमेरिकेत फोर्ड एफ-२५० हा मोठा पिकअप ट्रक घ्यायला गेलात की कधी कधी एकाच ट्रकचे दोन अवतार समोर येतात. इंजिन तेच, चाकं तीच, पण ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर वेगळं. एकावर जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे माणसं-सामानासकट कंपनीने ठरवलेलं कमाल वजन, १०,००० पौंड. दुसऱ्यावर त्याहून जास्त, समजा १०,८००. पहिला आकडा मुद्दाम उतरवलेला असतो आणि बहुतेक वेळा यंत्रात काही फरक नसतो. काही राज्यांत दहा हजार ओलांडले की रजिस्ट्रेशन वरच्या गटात जातं, म्हणून ही सोय.

पण त्यातून वाचतं किती? टेक्ससमध्ये ६,००१ ते १०,००० पौंडांच्या ट्रकला वर्षाची मूळ फी ५४ डॉलर आणि १०,००१ ते १८,००० ला ११०. काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, शुल्क वेगळं. तिथे वजन धरतात ते रिकामा ट्रक अधिक त्याची भारक्षमता असं. म्हणजे सीमा ओलांडण्याची किंमत वर्षाला ५६ डॉलर. गंमत म्हणजे ६,९०० पौंडांचा हाफ-टन, म्हणजे हलक्या वर्गातला, एफ-१५० आणि १०,००० चा एफ-२५० तिथे एकाच गटात बसतात, तेव्हा फी वाचवायची म्हणून लहान ट्रक घेण्यात काही हशील नाही.

कॅलिफोर्नियात हिशोबच निराळा. घरगुती वापराच्या पिकअपलाही सहसा कमर्शियल प्लेट लागते (नवख्याला हा पहिला धक्का), आणि साध्या पिकअपची वजन-फी रिकाम्या वजनावर ठरते. ४,००१ ते ५,००० पौंडांना ८० डॉलर, ६,००० पर्यंत १५४, ७,००० पर्यंत २०४, ८,००० पर्यंत २५७. त्यामुळे ७,५०० पौंडांच्या डिझेल एफ-२५० ला स्टिकर दहा हजारांचं असो वा १०,८०० चं, २५७ च पडणार. शिवाय गाडीच्या किमतीवर ०.६५ टक्के लायसन्स फी आहे. ट्रक २०,००० डॉलरने महाग घेतला तर पहिल्या वर्षी १३० डॉलर त्यापायीच जातात. तिथे हाफ-टन खरोखर स्वस्त पडतो. मात्र जीव्हीडब्ल्यूआर ११,५०० किंवा त्यावर, अथवा रिकामं वजन ८,००१ किंवा त्यावर गेलं की तो कायद्याच्या व्याख्येतला ‘पिकअप’ उरत नाही आणि घोषित वजनाची (मालकाने जाहीर केलेल्या भारासकट वजनाची) वेगळी फी लागू होऊ शकते. मागे जोडचाकं असलेला ट्रक घेणाऱ्याने हे आधी पाहावं.

आता नुकसानीची बाजू. तोच ७,५०० पौंडांचा ट्रक: दहा हजारी स्टिकरवर भार २,५०० पौंड, १०,८०० वर ३,३००. फिफ्थ-व्हील, म्हणजे ट्रकच्या हौद्यात जोडल्या जाणाऱ्या, ट्रेलरच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा ट्रकवर येतो. १२,००० पौंडांचा ट्रेलर म्हणजे २,४०० पौंड, त्यात घरची माणसं आणि सामान ६०० पौंड. झाले ३,०००. दुसरा ट्रक हे पेलतो, पहिला कागदावर ५०० पौंडांनी ओव्हरलोड होतो. मागच्या हुकावर ९,००० पौंड ओढणाऱ्याला ही अडचण नाही, कारण तिथे दहा ते पंधरा टक्केच वजन ट्रकवर पडतं. स्टिकर नंतर वाढवून मिळेल या भरवशावर मात्र राहू नका.

धंद्यासाठी घेणाऱ्याचं गणित आणखी पुढे जातं. धंद्याच्या कामासाठी राज्याबाहेर जाणारं वाहन १०,००१ पौंडांपासून केंद्रीय नियमांत येतं, यूएसडॉट नंबरसकट (केंद्रीय वाहतूक खात्याचा नोंदणी क्रमांक). पण तिथे ट्रक-ट्रेलरची बेरीज धरतात. दहा हजारी ट्रकमागे साधा सामानाचा ट्रेलर लावला तरी सीमा ओलांडली जाते, म्हणजे स्टिकरचा उपयोग ट्रेलर नसेपर्यंतच.

माझा कौल असा: फिफ्थ-व्हील ओढायचा असेल तर वरचं स्टिकर घ्यावं, टेक्ससमध्ये ५६ डॉलर निमूट भरावेत. ट्रेलर न लावता धंद्यासाठी राज्याबाहेर फिरणाऱ्याने दहा हजारी घ्यावा. आठवड्याला माती-फर्निचर आणि उन्हाळ्यात हलका कॅम्पर (सहलीत राहायचा ट्रेलर) एवढंच असेल, तर एफ-१५० पुरे, पण दारावर लिहिलेला भाराचा आकडा त्याच गाडीचा वाचावा, कॅटलॉगमधला नव्हे. महागड्या मॉडेलच्या जास्तीच्या सोयीच त्यातले शे-दोनशे पौंड खाऊन बसलेल्या असतात.