जुन्या नकाशांसाठी क्यूजीआयएस
भारतीय सर्वेक्षण विभागाची जुनी स्थलदर्शक पत्रके संगणकावर आणण्यासाठी क्यूजीआयएस हे २००२ मध्ये सुरू झालेले नकाशे हाताळण्याचे विनामूल्य, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर मला सर्वांत भरवशाचे वाटते. स्कॅन केलेल्या पत्रकावरील अक्षांश-रेखांशांच्या रेषा जिथे छेदतात अशा पुरेशा बिंदूंना त्यांचे अक्षांश-रेखांश दिले, की सॉफ्टवेअरमधील जिओरेफरन्सर हे साधन चित्र जागेवर बसवतो आणि बिंदूगणिक राहिलेली चूक आकड्यांत दाखवतो. ही पारदर्शकता फार मोलाची आहे. मात्र ही पत्रके एव्हरेस्ट गोलाभावर (पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणिती प्रतिमानावर) आधारलेली असल्याने त्यांवरील अक्षांश-रेखांश थेट डब्ल्यूजीएस ८४ या जीपीएसच्या आजच्या प्रणालीतले समजून भरल्यास पुण्याजवळची देवळे व विहिरी शंभर मीटरांहून अधिक सरकतात, म्हणून पत्रकाची मूळ संदर्भप्रणाली (अक्षांश-रेखांश ज्या प्रतिमानावर मोजले ते) काळजीपूर्वक निवडावी. अक्षांश-रेखांशांचे मीटरमध्ये रूपांतर करण्यासाठी यूटीएम ही पृथ्वीचे उभे विभाग पाडणारी पद्धत वापरताना पुण्याला विभाग ४३, तर नागपूरला ४४ लागतो.