कोकणातील घरासाठी गालिचा: कोणता तंतू टिकतो?

गालिचा घेताना रंग आणि नक्षी आधी पाहिली जाते. परंतु रत्नागिरीसारख्या ठिकाणी, जिथे वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि कपाटातल्या चामडी चपलांनाही बुरशी येते, तिथे तंतू किती ओल धरतो हाच माझ्या मते पहिला प्रश्न असायला हवा.

देखणेपणात लोकरीला तोड नाही. उत्तर प्रदेशातल्या भदोहीच्या हातविणीच्या गालिच्याची लव दाबली तरी पुन्हा उभी राहते आणि ठिणगी पडली तरी लोकर सहज पेट घेत नाही. मात्र लोकर आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्के बाष्प हाताला ओलसर न लागता शोषून घेते. कोरड्या हवेच्या गावी हा गुण ठरतो. आपल्याकडे आषाढ-श्रावणात त्याच गालिच्याला कुबट वास येऊ लागतो आणि कसर लागण्याची धास्ती राहते ती वेगळीच. वरच्या मजल्यावरची, वातानुकूलित, रोज वापरातली खोली असेल तरच लोकरीचा विचार करावा.

पॉलिप्रॉपिलीन हा कृत्रिम तंतू पाणी जवळजवळ शोषतच नाही. त्याचा रंग बहुधा सूत काढतानाच मिसळलेला असल्याने तो धुण्याने जात नाही. तळमजल्यावरच्या, फरशीतून ओल वर येणाऱ्या माजघरासाठी मी हाच तंतू निवडेन. त्याची लव मात्र सोफ्याच्या पायांखाली एकदा बसली की नीट उठत नाही, तेलाचे डाग चिकटून राहतात, आणि सुमारे १६५ अंशांना वितळत असल्याने जड सामान फरफटत नेल्यास घर्षणाने चकाकते ओरखडे उमटतात. पॉलिएस्टर स्पर्शाला अधिक मऊ असते, पण वर्दळीत तेही लवकर चेपते.

समुद्रालगतच्या घरांत पायांबरोबर येणारी रेती लवेच्या बुडाशी साचून तंतू कापत राहते. लव बोटांनी फाकून पाहिली की खाली हे कण स्पष्ट दिसतात. ही झीज सोसण्यात नायलॉन सर्वांत सरस आहे. ते थोडे बाष्प शोषते आणि महागही पडते, तरी दिवाणखान्यासाठी ती किंमत मला रास्त वाटते.

दुकानदार सहसा दाखवत नाहीत ती बाजू, म्हणजे गालिच्याची पाठ, आवर्जून उलटून पाहावी. वर कृत्रिम तंतू आणि खाली तागाचे अस्तर असा माल सर्रास मिळतो. ओल लागली की ताग काळवंडतो, कुजतो, आणि त्याचा तपकिरी डाग वरपर्यंत येतो. अस्तरही पॉलिप्रॉपिलीनचेच मागावे. पडवीत किंवा उंबऱ्याशी मात्र गालिचा न घालता काथ्याचे जाड पायपुसणे टाकावे, कारण काथ्या ओल आणि खारी हवा बराच काळ सोसतो आणि बरीचशी रेती तिथेच झडते.