एपी की ड्युअल एन्रोलमेंट : निवड करण्यापूर्वी

अमेरिकेत हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजच्या पातळीचा विषय घ्यायचा म्हटले, की बहुतेक घरांतली चर्चा दोन पर्यायांवर येऊन ठेपते : कॉलेज बोर्ड या संस्थेच्या एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट) परीक्षा, किंवा ड्युअल एन्रोलमेंट, म्हणजे शाळा चालू असतानाच जवळच्या कम्युनिटी कॉलेजात (स्थानिक सरकारी कॉलेजात) प्रवेश घेऊन केलेला विषय. क्रेडिट, म्हणजे पुढे कॉलेजच्या पदवीत धरले जाणारे श्रेयांक, दोन्हींतून मिळू शकते, म्हणून पालक किती क्रेडिट आणि किती खर्च एवढेच विचारतात. माझ्या मते त्याआधी विचारायला हवे ते असे, की मुलाचे बिनसले तर त्याची नोंद कुठे राहील?

एपीच्या परीक्षा १९५६ पासून होत आहेत. वर्ग शाळेतच भरतो, शिक्षकही शाळेचेच असतात. क्रेडिट मात्र मे महिन्यातल्या एका परीक्षेवर अवलंबून असते. कॅल्क्युलस बीसीमध्ये सव्वातीन तासांत ४५ बहुपर्यायी आणि ६ सविस्तर प्रश्न सोडवायचे असतात आणि त्यावर १ ते ५ यांपैकी एक गुण मिळतो; ५ सर्वोत्तम. वर्षभर ‘ए’ श्रेणी घेणारी मुलगी त्या सकाळी गडबडली, तर क्रेडिटच्या हिशेबात तिच्या वर्षाला किंमत उरत नाही. मात्र २ गुण आले, तर ते कॉलेजला न कळवण्याची सोय सहसा असते, आणि प्रकरण तिथेच मिटते.

ड्युअल एन्रोलमेंटमध्ये ते मिटत नाही. समजा, सोळा वर्षांच्या मुलाने जीवशास्त्र घेतले, बास्केटबॉलच्या धामधुमीत प्रयोगशाळेचे तीन अहवाल राहिले, विषय सोडण्याची मुदतही निघून गेली आणि ‘सी’ श्रेणी पडली. ती श्रेणी कॉलेजच्या कायमच्या ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रकावर) जाते. पुढे त्याने मेडिकल किंवा लॉ स्कूलसाठी अर्ज केला, तर हायस्कूलमध्ये असताना घेतलेले कॉलेजचे विषयही जीपीएत (सरासरी श्रेणीत) धरले जातात. शिवाय कॉलेजच्या नोंदींवरचे हक्क वय काहीही असले तरी विद्यार्थ्याकडे जातात. त्यामुळे आईवडिलांनी प्राध्यापकांना थेट फोन करून चौकशी केल्यास बहुधा नम्र नकारच मिळतो. शाळेतल्या पालकसभांची सवय झालेल्यांना हे जड जाते.

याउलट, सत्रभर नेमाने काम करणाऱ्या, पण एका दिवसाच्या परीक्षेत बिथरणाऱ्या मुलांना ड्युअल एन्रोलमेंटच मानवते. राज्यातल्याच सरकारी विद्यापीठात जायचे असेल, तर हे क्रेडिट सहसा सुरळीत वर्ग होते; फ्लोरिडात तर शिक्षण शुल्कही माफ असते. राज्याबाहेरच्या किंवा खासगी विद्यापीठात अभ्यासक्रम ताडून पाहिला जातो, त्यामुळे सिलॅबस जपून ठेवावा. एपीचा गुण देशभर ओळखीचा असला, तरी क्रेडिटची हमी त्यातही नाही : अनेक राज्यांची सरकारी विद्यापीठे ३ गुणांवर क्रेडिट देतात, निवडक विद्यापीठे ४ किंवा ५ मागतात, आणि डार्टमथ या खासगी विद्यापीठाने २०१८ साली पदवी घेणाऱ्या तुकडीपासून एपीवर क्रेडिट देणेच बंद केले.

खर्चाचा मुद्दा त्यामानाने किरकोळ आहे. एपीच्या एका परीक्षेला साधारण शंभर डॉलर लागतात. ड्युअल एन्रोलमेंटचे शुल्क राज्यागणिक बदलते.

वैद्यकीय शाखेकडे कल असलेल्या मुलाला मी विज्ञानाचे विषय एपीतून आणि इंग्रजी लेखन कम्युनिटी कॉलेजातून घ्यायला सांगेन. मात्र कॉलेजात नाव घालण्यापूर्वी विषय सोडण्याची शेवटची तारीख विचारून घ्यावी आणि ती मुलाच्या स्वतःच्या कॅलेंडरवर त्याच्याच हाताने लिहून घ्यावी.