आडव्या पावसात तयार लोखंडी खुराडं: एका पावसाळ्याचा अनुभव

मिरगाच्या पंधरा दिवस आधी बेळगावच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून बारा कोंबड्यांसाठी तयार खुराडं आणलं. आत बसायला ६ बाय ४ फुटांचं घर, त्याला जोडून १० फूट लांब जाळीचं आवार. टेम्पोभाड्यासकट साडेतेवीस हजार पडले.

आमचं घर जांबोटीच्या पुढे, कणकुंबीच्या बाजूला. इथला पाऊस सरळ पडत नाही, घाटाकडून आडवा येतो, आणि आषाढात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. जुनं खुराडं सासऱ्यांनी बांधलेलं, चिऱ्याच्या भिंती आणि वर खानापूरची कौलं. वानरांनी कौलं सरकवली, त्या फटीतून उदमांजर उतरलं आणि एका रात्रीत माझ्या गिरीराजा जातीच्या पाच कोंबड्या मारून गेलं. गावठी कोंबडी फडफडत वाशावर तरी चढते. गिरीराजा अंगाने जड, तिला ते जमत नाही. सकाळी दार उघडल्यावर जे बघितलं ते लिहवत नाही. म्हणून या वेळी पैशाकडे बघितलं नाही.

सांगाडा आणि छप्पर उत्तम आहे. चौकोनी पाईप, त्यावर रेड ऑक्साईडचे (गंज न धरण्याच्या तांबड्या रंगाचे) दोन हात, घर जमिनीपासून दीड फूट उंच. पत्रा पुढे-मागे फूटभर बाहेर काढलाय, त्यामुळे पागोळ्या भिंतीवर येत नाहीत. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारलेत, प्रत्येकाखाली रबरी वायसर. पाणी वाहतं ते खोलगट पन्हळीतून. स्क्रू तिथे मारले की गळती आज ना उद्या ठरलेली. आमच्याकडे अख्ख्या पावसाळ्यात वरून एक थेंब आला नाही.

जाळी मात्र चुकीची आली. सांगितली होती वेल्डमेश, म्हणजे जाड तारा एकमेकींना वेल्ड केलेली चौकोनी घरांची जाळी, आणि दिली षटकोनी घरांची पातळ कोंबडीजाळी, एक इंचाची. ही जाळी कोंबडीला आत ठेवते, बाहेरच्या जनावराला बाहेर ठेवत नाही. कुत्रा ती दातांनी फाडतो, लहान साप सरळ आत शिरतो. फोन केला तर मालक म्हणाले, "अक्का, सगळे हीच नेतात री." मी हट्ट सोडला नाही. चौथ्या दिवशी माणूस आला आणि अर्धा इंच घरांची गॅल्व्हनाइज्ड वेल्डमेश लोखंडी पट्टी दाबून, बोल्टने आवळून गेला. त्याचे जादा अठ्ठावीसशे घेतले. ते मी द्यायला नको होते असं मला अजून वाटतं. काम मात्र त्या पोराने मन लावून केलं. कापलेल्या टोकांवर आणि वेल्डिंगच्या जागी पुन्हा रंग मारला, कारण गंज तिथूनच धरतो.

उकरणाऱ्या जनावरांचा बंदोबस्त आम्ही घरीच केला. जाळी फूटभर जमिनीत पुरा असं सगळे सांगतात, पण आमच्याकडे वीतभर मातीखाली जांभा लागतो, पहार उडते. मग आवाराच्या चारी बाजूंनी दोन फूट रुंद जाळी जमिनीवरच आडवी पसरली, आवाराच्या तळाला तारेने घट्ट बांधली आणि वर माती टाकून चिरे ठेवले. जनावर आवाराच्या उभ्या जाळीच्या कडेलाच उकरतं, मागे सरून उकरायचं त्याला सुचत नाही. श्रावणात दोनदा नखांच्या खुणा दिसल्या, दोन्ही वेळा वीतभर माती निघालेली, खाली जाळी तशीच. दाराला साधी कडी होती, ती काढून खटक्याची बसवली.

माझी चूक ताडपत्रीची झाली. आर्द्राचा पाऊस लागला तसं कोंबड्या भिजतील म्हणून मी खुराडं चारी बाजूंनी गुंडाळलं. चौथ्या दिवशी दार उघडताच डोळ्यांत पाणी आलं, विष्ठेचा उग्र वास कोंडलेला, आणि दोन तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या) शिंकत होत्या. ओल कोंडली की रक्ती हगवणीलाही वाट मिळते. आता पश्चिम आणि दक्षिण बाजू पत्र्याने बंद, पूर्वेला दार, आणि छपराखाली वीतभर पट्टा चारी बाजूंनी उघडा. तिथेही तीच अर्धा इंची जाळी. आडवा पाऊस बाहेर काढलेल्या पत्र्यामुळे तिथवर पोचत नाही. खाली चार बोटं भाताचं तूस घालते, ते रोज हलवते, ओलं झालेलं लगेच काढते.

आणखी एक. नायलॉनची मासेमारीची जाळी वरून टाकू नका. शेजारच्या मामांकडे त्यात धामण अडकली, सुटायला धडपडून तिचं अंग कापलं गेलं, सर्पमित्राने येऊन सोडवली. फासे आणि विषही नको. साप, मुंगूस, घोरपड, उदमांजर या सगळ्यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि भीमगडच्या जंगलाला लागून राहतो म्हटल्यावर ती येणारच.

बारापैकी बाराही कोंबड्या आहेत. याच माणसाकडे बैलहोंगलच्या बहिणीसाठी दुसरं खुराडं सांगितलंय, जाळीचा नमुना हातात देऊन आणि मापं कागदावर लिहून. तिच्याकडे पाऊस थोडा, उन्हाळा कडक. म्हणून तिला भिंती पत्र्याच्या नकोत, तीन बाजूंनी जाळीच सांगितली आहे, आणि छपरावर घालायला उसाचं पाचट तिच्या शेतातच आहे.